रोटरी इंजिनाची जुनी माझदा घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांना माझदाची जुनी आरएक्स-८ घ्यायची आहे. गाडी २००९ च्या सुधारणेपूर्वीची आहे, सुमारे ९० हजार किलोमीटर चालली आहे, आणि इंजिन ठणठणीत असल्याचे विकणारा सांगतो. त्यांचा रोजचा प्रवास घर ते कार्यालय असा चार किलोमीटरचा आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: जे इंजिन जगातील बाकी सर्व कंपन्यांनी सोडून दिले, ते माझदाने इतकी वर्षे का धरून ठेवले? मालकांच्या तक्रारी खऱ्या किती आणि ऐकीव किती? आणि शेवटी, ही गाडी घ्यावी की घेऊ नये?

तिसरे उत्तर पहिल्या दोन उत्तरांवर अवलंबून असल्याने ते शेवटी देतो. गेली वीसेक वर्षे मी हीच इंजिने उघडत, मोजत आणि पुन्हा बांधत आलो आहे. त्यातून बनलेले मत असे, की हे इंजिन कच्चे नाही, पण त्याचे पथ्य वेगळे आहे. मालकांच्या बऱ्यावाईट अनुभवांत जी तफावत दिसते, तिचे मूळ बहुतेक वेळा हे पथ्य पाळले गेले की नाही यात सापडते. आणि पथ्य समजून घ्यायचे तर हे इंजिन कोणत्या परिस्थितीत जन्मले हे माहीत असावे लागते.

माझदाची सुरुवात मोटारींपासून झालेली नाही. १९२० मध्ये हिरोशिमात बुचाच्या वस्तू बनवणारी तोयो कॉर्क कोग्यो ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे प्रमुख झाले, १९२७ मध्ये नावातले बूच गळाले आणि १९३१ मध्ये माझदा-गो ही तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आली. माझदा या नावात पारशी धर्मातील अहुर माझदा आणि संस्थापकांचे आडनाव असे दोन्ही धागे आहेत. जपानी माणूस आजही हे नाव 'मात्सुदा' असेच उच्चारतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा शहर आणि कारखाना यांच्यामध्ये हिजियामा ही टेकडी होती, म्हणून इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. प्रांताचा प्रशासकीय कारभार काही काळ याच कंपनीच्या इमारतीतून चालला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नंतरच्या अनेक निर्णयांत जी चिवट वृत्ती दिसते ती इथली आहे.

१९६० मध्ये आर३६० ही छोटी चारचाकी आली, पण त्याच सुमारास जपानी सरकारच्या व्यापार व उद्योग मंत्रालयात लहान मोटार कंपन्यांना मोजक्या गटांत एकत्र करण्याचा विचार बळावला होता. हिरोशिमाच्या या लहान कंपनीला स्वतंत्र राहायचे असेल तर दुसऱ्या कोणाकडेही नसलेले काहीतरी हाती हवे होते. संस्थापकांचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा जर्मनीला गेले आणि एनएसयू या कंपनीशी बोलणी करून फेलिक्स वँकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना त्यांनी मिळवला. करार १९६१ मध्ये पक्का झाला. म्हणजे रोटरीची निवड ही हौस नव्हती. ते कंपनीच्या अस्तित्वासाठी उचललेले पाऊल होते. पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

उरलेले निम्मे समजण्यासाठी इंजिन आतून कसे असते ते पाहू. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतो. रोटरीत पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. मधोमध किंचित दाबलेल्या लंबगोलासारखे एक हाउसिंग असते आणि फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर त्यात एका विकेंद्री शाफ्टभोवती फिरतो. रोटरचा एक फेरा पूर्ण होतो तेव्हा शाफ्टचे तीन फेरे होतात. रोटरच्या तीन बाजू आणि हाउसिंगची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. हे कप्पे जागा बदलत लहानमोठे होत जातात आणि त्यांतच हवा-इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे एकामागून एक होतात. खाली-वर आपटणारे वजन नसल्याने इंजिन विलक्षण गुळगुळीत चालते आणि आकाराच्या मानाने मोठी शक्ती देते. आरएक्स-८ चे दोन रोटरांचे इंजिन प्रत्येकी ६५४ म्हणजे एकूण १३०८ सीसीचे आहे, आणि त्याची अधिक शक्तीची आवृत्ती ९ हजार आरपीएमपर्यंत विनासायास जाते.

या कप्प्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी वस्तू म्हणजे रोटरच्या प्रत्येक टोकावर बसवलेली अपेक्स सील. या इंजिनात ती अवघी दोन मिलिमीटर जाड असते. तळहातावर घेतली तर एखाद्या छोट्या पट्टीच्या तुकड्यासारखी दिसते. मागे एक बारीक स्प्रिंग असते, आणि ही पट्टी हाउसिंगच्या क्रोम लावलेल्या भिंतीवर मिनिटाला हजारो वेळा घासत जाते. इंजिनाचे आयुष्य मुख्यतः या सहा पट्ट्या आणि त्यांची घासायची भिंत यांवर ठरते.

परवान्यासोबत हिरोशिमात आलेली नमुन्याची इंजिने फार काळ टिकत नव्हती. सील थरथरत फिरे आणि भिंतीवर आडव्या, समान अंतराच्या खाचा पाडी. अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ जणांचा संशोधन विभाग उभा राहिला. जपानी इतिहासातील ४७ रोनिनांवरून, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराई योद्ध्यांवरून, त्यांना तेच नाव पडले. सील स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर थरथरते हे त्यांनी ओळखले, आडवी-उभी छिद्रे पाडून ती कंपनसंख्या बदलून पाहिली आणि अखेरीस कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची सील तयार केली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही जगातील पहिली दोन रोटरांची विक्रीस उपलब्ध गाडी आली. पुढल्या वर्षी न्यूरबुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरवलेल्या दोन कॉस्मोंपैकी एक चौथी आली. याच काळात मूळ जर्मन कंपनीची रो ८० ही रोटरी गाडी सील झिजण्याच्या तक्रारींमुळे अडचणीत आली होती, आणि १९६९ मध्ये ती कंपनी फोक्सवॅगन समूहात विलीन झाली.

नंतर १९७३ चे तेलसंकट आले. रोटरी इंजिन पेट्रोल अधिक पिते हे अमेरिकी सरकारी चाचण्यांत स्पष्ट दिसले आणि माझदाची तिथली विक्री कोसळली. जनरल मोटर्सने आपला रोटरी प्रकल्प गुंडाळला. सित्रोएनने तर विकलेल्या रोटरी गाड्या परत विकत घेण्याचा प्रयत्न केला. सुमितोमो बँकेच्या आधाराने माझदा तरली, कारखान्यातील कामगारांना गाड्या विकण्यासाठी विक्रेत्यांकडे पाठवावे लागले, आणि तरीही इंधनाची बचत ४० टक्क्यांनी सुधारण्याचे लक्ष्य ठेवून फिनिक्स या नावाची मोहीम तिने हाती घेतली. त्यातूनच १९७८ ची आरएक्स-७ उभी राहिली. माझ्या मते हा कंपनीच्या इतिहासातील सर्वांत मोठा निर्णय आहे, अगदी १९९१ च्या ल मॉंच्या विजयापेक्षाही मोठा. त्या वर्षी चार रोटरांच्या ७८७बी गाडीने २४ तासांची शर्यत जिंकली आणि तो मान मिळवणारी माझदा पहिली जपानी कंपनी ठरली, हे खरेच. पण १९७४ मध्ये माघार घेतली असती तर ती शर्यत झालीच नसती. जिचे नावच या इंजिनामुळे झाले, तिला ते सोडणे म्हणजे सामान्य कंपन्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहणे होते.

आता मालकांच्या तक्रारींकडे येतो. त्यांचे दोन ढीग केले पाहिजेत: इंजिनाच्या रचनेतून येणाऱ्या आणि वापरातून येणाऱ्या.

रचनेतून येणारी पहिली तक्रार इंधनाची. रोटरीत ज्वलनाचा कप्पा लांबट, चपटा आणि पुढे सरकणारा असतो. त्याच्या घनफळाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून उष्णता भिंतीत जाते आणि ज्योत कोपऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. प्रत्येक रोटरला दोन-दोन स्पार्क प्लग त्यासाठीच द्यावे लागतात. मिश्र वापरात लिटरला सात-आठ किलोमीटर ही आरएक्स-८ च्या मालकांची नेहमीची नोंद आहे. हे दुरुस्तीने सुधारत नाही, त्यामुळे कोणी तसे आश्वासन देत असेल तर ते मनावर घेऊ नये.

दुसरी तक्रार तेलाची. 'गाडी ऑइल खाते' असे म्हणणारा मालक घाबरलेला असतो, पण तेल जळणे हे या इंजिनात अपेक्षितच आहे. सील आणि भिंत यांच्यामध्ये वंगण राहावे म्हणून एक छोटा पंप इंजिनातलेच तेल मोजून-मापून आत सोडत असतो. मला काळजी वाटते ती तेल अजिबात कमी होत नाही असे अभिमानाने सांगणाऱ्याची, कारण मग तो पंप किंवा त्याच्या नळ्या काम करत नसण्याची शक्यता असते. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून पाहणे हे या गाडीचे पहिले पथ्य. २००९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक रोटरसाठी तेल सोडण्याची एक जागा वाढवण्यात आली. जुन्या गाडीत वंगणाची बाजू तुलनेने तोकडी होती, हे त्यावरून उघडच आहे. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या आरएक्स-८ साठी कंपनीने इंजिनाच्या गाभ्याची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती, म्हणजे मालकांचे म्हणणे केवळ ऐकीव नव्हते.

वापरातून येणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठी म्हणजे पेट्रोलने इंजिन ओले होणे, ज्याला सगळे 'फ्लड होणे' म्हणतात. एक प्रसंग सांगतो. एका मालकाने गाडी धुण्यासाठी सकाळी थंड इंजिन सुरू केले, गाडी चार हात मागे घेतली आणि दहा-बारा सेकंदांत बंद केली. धुऊन झाल्यावर ती सुरूच होईना. त्याने बॅटरी उतरेपर्यंत चावी फिरवली. मी पोचलो आणि चारही प्लग काढले तेव्हा ते ठिबकत होते, आणि प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा उग्र वास येत होता. थंड इंजिनाला संगणक जादा पेट्रोल देतो. ते जळायच्या आत इंजिन बंद केले तर भिंतीवरची तेलाची पातळ फिल्म धुऊन निघते, सील नीट धरत नाही, कॉम्प्रेशन म्हणजे कप्प्यातला दाब पडतो आणि ओल्या प्लगांना ठिणगी देता येत नाही. उपाय साधा आहे, पण घाईचा नाही. पेट्रोलचा पुरवठा बंद करून प्लगांशिवाय इंजिन फिरवायचे म्हणजे आतले पेट्रोल बाहेर फेकले जाते, प्रत्येक भोकातून चमचाभर तेल सोडायचे, प्लग कोरडे करून किंवा नवे बसवायचे आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावायची. तासाभरात गाडी निळसर धूर सोडत सुरू झाली आणि पाच मिनिटांत धूर ओसरला. इंजिनाला काहीही झालेले नव्हते, पण त्या दिवशी 'इंजिन गेले' अशी त्या घराची पक्की समजूत झाली होती. प्लग बसवताना वरचे आणि खालचे एकमेकांच्या जागी जाऊ नयेत याकडे लक्ष ठेवावे लागते. ते वेगळ्या प्रकारचे असतात.

दुसरा प्रकार अधिक महागात पडतो आणि तो हळूहळू घडतो. इग्निशन कॉइल झिजतात. गाडी चालत राहते, फक्त थोडी अडखळते, आणि मालक ते सहन करतो. न जळलेले पेट्रोल धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे पेटते, कन्व्हर्टर तापून आतून वितळू लागतो आणि बुजतो. मग धुराला वाट मिळत नाही, उष्णता इंजिनातच कोंडते आणि सीलांवर तिचा भार पडतो. या इंजिनात धूर बाहेर पडण्याची भोके बाजूच्या प्लेटांमध्ये आहेत. त्यामुळे प्रदूषण घटले, पण बाजूच्या सीलांना ताप आणि काजळी अधिक सोसावी लागते. चार कॉइल वेळेवर बदलण्याचे टाळल्यामुळे संपूर्ण इंजिन उघडावे लागलेली प्रकरणे माझ्या हातून अनेक गेली आहेत, आणि प्रत्येक वेळी ती टाळता आली असती याची हळहळ वाटते.

तिसरा प्रकार उष्णतेचा. ॲल्युमिनियमची हाउसिंगे आणि ओतीव लोखंडाच्या प्लेटा आलटून पालटून रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात. दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. इंजिन एकदाच पण भरपूर तापले तरी पाण्याच्या वाटा बंद ठेवणारे सील दबून जातात आणि कूलंट ज्वलनाच्या कप्प्यात उतरू लागते. म्हणून मागे कधी इंजिन तापले होते का, हा प्रश्न विकणाऱ्याला थेट विचारावा, आणि रेडिएटरची स्थिती स्वतः पाहावी.

याच्या दुसऱ्या बाजूचेही अनुभव आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची आरएक्स-८ त्या रोज लांब पल्ल्यावर चालवतात, गरम झाल्याखेरीज बंद करत नाहीत, आणि दिवसातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर आरपीएम वरपर्यंत नेतात. त्यामुळे काजळी साचून राहत नाही. दीड लाख किलोमीटरनंतर त्यांच्या इंजिनाच्या कॉम्प्रेशनचे आकडे मी घेतले तेव्हा ते किमान मर्यादेच्या बरेच वर होते. जपून, हळू आणि कमी वापरलेली गाडी उत्तम असते हा आपला सर्वसाधारण अनुभव इथे उलटा ठरतो.

माझदाच्या इतर गाड्यांविषयी कोणी विचारत असेल तर हे काहीही त्यांना लागू नाही. १९८९ ची एमएक्स-५ साध्या पिस्टनच्या इंजिनाची आहे, एप्रिल २०१६ मध्ये तिचे उत्पादन दहा लाखांवर गेले, आणि जुन्या गाड्यांत इंजिनापेक्षा दारांखालच्या पट्ट्यांचा गंज आधी तपासावा लागतो. २०११ नंतरची स्कायॲक्टिव्ह इंजिनेही वेगळ्या वाटेची आहेत. रोटरी मात्र संपलेली नाही: जून २०१२ मध्ये आरएक्स-८ थांबली आणि २०२३ मध्ये एमएक्स-३० च्या एका आवृत्तीत ८३० सीसीचा एकच रोटर बॅटरी भरणारा जनित्र म्हणून परत आला. त्याची अपेक्स सील अडीच मिलिमीटर जाड आहे. जुन्या मालकांनी जे सोसले त्याची दखल या अर्ध्या मिलिमीटरमध्ये घेतलेली मला दिसते.

आता तिसरा प्रश्न. तुमचा रोजचा प्रवास चार किलोमीटरचा असेल आणि हीच तुमची एकमेव गाडी असणार असेल, तर ती घेऊ नका. चार किलोमीटरमध्ये हे इंजिन धड तापतही नाही. तुम्ही ते दिवसातून दोनदा अर्धवट गरम करून बंद कराल. रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल आणि हिला आठवड्यातून एकदोनदा तासभर मोकळा रस्ता देता येत असेल, तर जरूर विचार करा, मात्र कॉम्प्रेशनचे आकडे हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

ही तपासणी साध्या गेजने होत नाही, कारण साधा गेज तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्या कप्प्याचा आकडा धरून ठेवतो आणि कमजोर कप्पा लपून राहतो. रोटरीसाठीचे खास यंत्र प्रत्येक रोटरचे तीन, म्हणजे एकूण सहा आकडे देते. इंजिन पूर्ण गरम असावे, बॅटरी भरलेली असावी, आणि आकडे २५० आरपीएमला रूपांतरित करून लिहिलेले असावेत. नव्या इंजिनाचा प्रमाण आकडा ८३० किलोपास्कल आहे आणि किमान मर्यादा ६८०. एकाच रोटरच्या कप्प्यांत १५० पेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा अधिक फरक नसावा. सहाही आकडे ७५० च्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ असतील तर मी त्या इंजिनावर विश्वास ठेवीन. पाच ८०० आणि एक ६६० असेल तर ते इंजिन उघडावे लागणार हे गृहीत धरूनच किंमत ठरवावी.

यंत्र मिळेपर्यंत स्वतः करता येईल अशी एक परीक्षा आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावून पाहा. ते कोमट असेल तर विकणाऱ्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले आहे, दुसऱ्या दिवशी न कळवता जा. थंड सुरू होऊ द्या, अर्धा तास चालवा, बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. मग पुन्हा सुरू करा. सील झिजलेले इंजिन थंड असताना मुकाट्याने सुरू होते आणि गरम असताना चावी बराच वेळ फिरवायला लावते. दोन-तीन सेकंदांत ते पेटले नाही, तर ९० हजार किलोमीटरचा आकडा आणि विकणाऱ्याचा शब्द बाजूला ठेवा आणि तपासणीच्या कागदाची वाट पाहा.